परीकथा लिहून घेण्याआधी ती तोंडात घोळू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातली शाळा, तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट ४२. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड, काहींच्या घरी दखनी उर्दू. फेब्रुवारीअखेर ‘परीकथा महोत्सव’ घ्यायचं ठरलंय. ‘एक परीकथा लिहा’ म्हटलं की चार ओळींत राजा येतो, राक्षस मरतो, गोष्ट संपते. नाहीतर काल पाहिलेल्या कार्टूनचा भाग जसाच्या तसा वहीत उतरतो. लिहायला कसं शिकवायचं, आणि महोत्सवात नेहमीची पाच मुलं बोलली नि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या असं होऊ नये म्हणून काय करायचं?

ताई, तुम्ही प्रश्न लेखनाचा म्हणून विचारलाय, पण गाडी अडते ती लेखनाच्या बरीच अलीकडे. या वयाच्या मुलाकडे कल्पना भरपूर असतात. गोष्ट कुठे ताणायची, कुठे अडवायची, हे मात्र कानावर पडलेलं नसतं. ते कानानंच कळतं, फळ्यावर ‘सुरुवात, मध्य, शेवट’ लिहून कळत नाही. म्हणून माझ्या पद्धतीत दहा तासिकांपैकी पहिल्या चारांत पेन्सिल दप्तरातच राहते.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगून टाकते. तुमच्या ४२ पैकी सलग वाक्य लिहू शकणारी मुलं किती, यावर पुढचं सगळं वेळापत्रक ठरेल. तीस असतील तर खाली दिलेलं जसंच्या तसं चालेल. पंधराच असतील तर लेखनाच्या तासिका दोनाऐवजी चार धरा आणि बाकीच्यांचं सांगणं चौथीतल्या मुलाकडून उतरवून घ्या. सांगणाऱ्याचं नाव लेखक म्हणून, लिहिणाऱ्याचं लेखनिक म्हणून. यात कमीपणा काही नाही, गोष्टी शतकानुशतकं अशाच उतरवल्या गेल्यात.

तारखेचं म्हणाल तर २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, हा उत्तम मुहूर्त. २ एप्रिलला हॅन्स अँडरसनचा जन्मदिवस असतो आणि आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिनही त्याच दिवशी असतो, पण तोवर सोलापूरचं ऊन आणि वार्षिक परीक्षा दोन्ही डोक्यावर बसलेली असतात. संक्रांतीचा गड्डा (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली मोठी जत्रा) ओसरला की जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात सुरुवात करा. आठवड्याला दोन तासिका धरल्या तर दहा तासिका आरामात बसतात. मुलांच्या डोक्यात तेव्हा पाळणे, दिवे, गर्दी, हरवलेली चप्पल असं सगळं ताजं असतं, ते कामी येतं.

पहिल्या चार तासिका ऐकण्याच्या आणि सांगण्याच्या. तीन गोष्टी निवडा, प्रत्येकीचा सांगाडा वेगळा. पहिली साखळीची. मराठीत चिऊ-काऊची आहेच: काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, आणि दार उघडेपर्यंतची ती सगळी ‘थांब, माझ्या बाळाला…’ तेलुगू घरातल्या मुलांना बहुधा सात माशांची गोष्ट ठाऊक असते. राजाचे सात मुलगे सात मासे आणतात, एक मासा वाळत नाही. का रे नाही वाळलास? गवताची गंजी आड आली. गंजीला विचारलं तर गाईनं खाल्लं नाही, गाईला विचारलं तर गुराख्यानं चारलं नाही, असं करत करत गोष्ट मुंगीपाशी पोचते. मुंगी म्हणते, माझ्या सोन्याच्या वारुळात बोट घातलं तर मी चावणार नाही का? ही गोष्ट वर्गातल्या एखाद्या तेलुगू मुलीलाच सांगू द्या, आधी तेलुगूत, मग मराठीत. वर्गात जिला कधी बोलतं केलं जात नाही ती त्या दिवशी बाईंपेक्षा जास्त जाणणारी ठरते.

दुसरी गोष्ट प्रवासाची, भोपळ्यातल्या म्हातारीची. तिसरी अटीची, आणि तिथे सिंड्रेला घ्या. फ्रान्सच्या शार्ल पेरोनं १६९७ मध्ये छापलेल्या रूपात भोपळ्याची बग्गी आहे आणि ‘बाराच्या आत परत ये’ ही अट आहे. (भोपळा तिकडेही गाडी, आपल्याकडेही गाडी. मुलांना हे सांगाच, फार आवडतं.) हीच गोष्ट जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापली, तिच्यात परी नाहीच. आईच्या थडग्यावर लावलेलं झाड मुलीला कपडे देतं. परीकथेत परी असलीच पाहिजे हा गैरसमज इथे सहज निघतो. नाहीतर वर्गभर पांढऱ्या फ्रॉकच्या, हातात छडी घेतलेल्या ४२ पऱ्या तयार होतात. ग्रिमच्या गोष्टीत बहिणी बूट पायात बसावा म्हणून पायाची बोटं नि टाच कापतात, तो भाग मात्र या वयाला वगळा.

गोष्ट पुस्तक हातात न घेता सांगायची, सहा-सात मिनिटांत. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा, पण मोक्याच्या जागी थांबून: ‘आणि मग म्हातारी काय म्हणाली?’ तिसऱ्या वेळी मुलं जोडीत एकमेकांना सांगतात. २१ जोड्या एकदम बोलायला लागल्या की वर्गात यंत्रमाग सुरू झाल्यासारखा आवाज होतो. शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्या. जोडीत भाषा कुठलीही चालेल. ‘अनगनगा ओक राजु’, ‘ओंदानोंदु कालदल्लि’, ‘एक था बादशाह, हमारा तुम्हारा खुदा बादशाह’, ‘आटपाट नगर होतं’ ही सुरुवातीची वाक्यं मोठ्या कागदावर देवनागरीत लिहून भिंतीवर लावा. कुठल्याही गोष्टीची सुरुवात यातल्या कशानंही करता येईल, पुढचं मराठीत. घरच्या भाषेला दारातच थांबवलं की मूल लिहिताना फक्त ठाऊक शब्दांपुरतं लिहितं, आणि ते शब्द म्हणजे राजा, राणी, जंगल, राक्षस.

पाचव्या तासिकेला जादू, आणि इथे घाई करू नका, कारण मुलांच्या बहुतेक गोष्टी बिघडतात त्या इथेच. मूल जादू देतं ती अमर्याद. परी आली, छडी फिरवली, सगळं मिळालं. मग गोष्टीला पुढे जायला कारणच उरत नाही. म्हणून नियम असा की जादूच्या वस्तूला एक शक्ती, एक अट आणि एक किंमत. तिन्ही तोंडी सांगता आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टेबलावर वस्तू मांडा, दहा-बारा पुरतात. धोटा (मागावर आडवा धागा नेणारी वस्तू), धागा गुंडाळायची रिकामी कांडी, सुताचा गुंडा, कडक भाकरीचा तुकडा, गड्ड्यातली शिट्टी, जुनी किल्ली, एकच पैंजण, कंदिलाची काच (ही लांबूनच दाखवा), चादरीचा तुकडा. विणकरांच्या घरातल्या मुलांना धोटा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, तीच बाकीच्यांना सांगतात. उदाहरण फळ्यावर सगळ्यांनी मिळून करा. समजा चादर उडते. गालिचा इतर देशांत उडतो, सोलापुरात चादरच उडणार. अट: चार टोकं चौघांनी धरली तरच. किंमत: उडताना जो खोटं बोलेल त्याचं टोक सुटतं. आता मुलांना विचारा, तिघेच असतील तर? चौथा म्हणून कोणाला घ्यावं लागेल? ज्याच्याशी भांडण झालंय त्यालाच घ्यावं लागलं तर? इथून पुढे तुम्हाला बोलावं लागत नाही.

अट नसलेली आणि अट असलेली गोष्ट शेजारी शेजारी फळ्यावर ठेवा. फरक मुलंच सांगतात.

कार्टूनचा प्रश्नही इथेच सुटतो. नक्कल करू नका असं म्हणून काही होत नाही. डोरेमॉनच्या खिशातून आलेली वस्तू बहुतेक वेळा का उलटते, हे मुलांनाच विचारा. नोबिता अट पाळत नाही म्हणून. म्हणजे त्यांनी पाहिलेल्या गोष्टींत नियम आहेच, फक्त दिसला नव्हता. मग पात्रांची नावं बदला, वस्तू टेबलावरची घ्या, एवढी एकच सूचना पुरते.

जागा आपल्या गावातल्या घेऊ द्या: भुईकोट किल्ल्याचा बुरूज, कंबर तलाव, नान्नजचं माळरान आणि तिथला बोलणारा माळढोक. एक सावधगिरी बाळगा. सिद्धेश्वरांशी जोडलेल्या कथा, अक्षता सोहळा, नंदीध्वज या गोष्टी घरोघरी श्रद्धेच्या आहेत. त्यांत मुलांनी राक्षस-पऱ्या घालून बदल करणं मी टाळते. गड्ड्यातला पाळणेवाला, शिट्टीवाला, खजूरवाला घ्या, तिथे हवी तेवढी जादू करा. देवाची कहाणी आणि परीकथा यांतला हा फरक मुलांना दोन वाक्यांत सांगितला की कळतो.

सहाव्या तासिकेत चित्रांचा आराखडा आणि त्याच कागदाचं पुस्तक. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथांतल्या घटना निवडून ३१ क्रियांची यादी केली होती. तिसरी-चौथीला सहा पुरतात, आणि योगायोगानं एका ए-फोर कागदाच्या घडीपुस्तकात आतली पानं सहाच निघतात. पहिल्यावर कोण आणि कुठे. दुसऱ्यावर त्याला काय हवंय किंवा त्याचं काय हरवलंय. तिसरं, चौथं, पाचवं पान म्हणजे तीन प्रयत्न: पहिला फसतो, दुसरा जास्त फसतो, तिसऱ्यात जादू आणि तिची अट समोरासमोर येतात. सहाव्यावर शेवट.

घडी अशी. कागदाच्या लांब कडा जुळवून एकदा दुमडा, उघडा. आता आखूड कडा जुळवून दुमडा, त्याच दिशेनं पुन्हा एकदा दुमडा, पूर्ण उघडा. आठ चौकोन दिसतील. पुन्हा आखूड कडा जुळवून एकच घडी ठेवा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेषेवर कात्री चालवा, पहिल्या आडव्या येणाऱ्या घडीपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात सेंटिमीटर. कागद उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं धरून मध्ये ढकला. चीर फुगते, पानं एकावर एक बसतात. पुढचं मुखपृष्ठ, मागचं मलपृष्ठ, आत सहा पानं. डिंक नको, पिना नकोत.

यात दोन चुका हमखास होतात. कात्री घडीच्या पुढे गेली की कागदाचे दोन तुकडे होतात, म्हणून कुठे थांबायचं तिथे आधी पेन्सिलीनं टिंब काढून घ्या आणि कात्र्या पाच-सहाच ठेवा, गटागटानं. दुसरी चूक आपली मोठ्यांची: ‘आधी लिहा, मग घडी घालू.’ उघड्या कागदावर अर्धी पानं उलटी असतात, त्यामुळे निम्मं पुस्तक डोक्यावर उभं राहतं. आधी घडी, मग पानांना क्रमांक, मग चित्र. ४२ मुलांसाठी ५५ कागद घ्या, दहा-बारा फाटणारच.

या तासिकेत प्रत्येक पानाच्या वरच्या भागात फक्त काड्यांच्या माणसांची चित्रं. शब्द नाहीत. शुद्धलेखनाच्या भीतीनं गोष्ट आखडते, चित्रात ती आखडत नाही. चित्र झालं की जोडीदाराला पानं उलटत गोष्ट सांगायची. जिथे सांगणारा अडखळला तिथे गोष्टीत भोक आहे, हे त्याचं त्यालाच समजतं.

सातवी-आठवी तासिका लेखनाची, प्रत्येकी वीस मिनिटं सलग लेखन, तेही आधी कच्च्या वहीत. पुस्तकाचं एक पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं असतं. चित्राखाली पाच-सहा ओळी बसतात, म्हणजे पानाला २५-३० शब्द. अख्खी गोष्ट दीडशे ते एकशे ऐंशी शब्दांत. मुलाला ‘मोठी गोष्ट लिही’ म्हणण्यापेक्षा ‘या पानावर पाच ओळी’ म्हटलेलं झेपतं.

तपासताना पहिल्या खेपेला लाल पेन बाजूला ठेवा. प्रत्येक मुलाला एकच प्रश्न, दोन मिनिटं. दिवसाला १४ मुलं घेतली तर तीन दिवसांत वर्ग होतो. प्रश्न कोणता, हे गोष्टीच्या दुखण्यावर ठरतं. सगळ्यात जास्त आढळतं ते ‘मग’चं दुखणं: तो उठला, मग गेला, मग त्याला माकड भेटलं, मग नदी आली. दोन घटनांच्या मध्ये बोट ठेवून विचारा, इथे ‘म्हणून’ बसतं का, ‘पण’ बसतं का? दोन्ही बसत नसेल तर त्यातली एक घटना उपरी आहे, काढा किंवा जोडा. ही एक युक्ती शिकली तरी वर्षभर निबंधातही उपयोगी पडते. राक्षस दुसऱ्याच ओळीत मेला असेल तर विचारा, राक्षसाला काय हवं होतं? राक्षसाला काही हवं असलं की तो लगेच मरत नाही. ‘आणि मला जाग आली’ हा शेवट मात्र मी सरळ बंद ठेवते, कारण त्यात अटीचा हिशेब न देता सुटका होते. शेवटी ‘तात्पर्य’ लिहायची सवय पाठ्यपुस्तकातून येते. लिहिलं तर लिहू द्या, मागू नका.

आणखी एक गोष्ट जपा. आवडती-नावडती, दुष्ट सावत्र आई, काळी म्हणून वाईट. हे साचे जुन्या कथांत ठासून आहेत. तुमच्या वर्गात सावत्र आईजवळ किंवा आजीजवळ वाढणारं मूल असणार. खलनायकासाठी दुसरे पर्याय भिंतीवर लावा: लोभी सावकार, झोप विकणारा व्यापारी, सगळ्यांची नावं चोरणारी घार.

संवादात ‘का बे’, ‘लैच’ आलं तर राहू द्या, पात्र सोलापूरचंच आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणायचा प्रयत्न करायचा, पण तोही नवव्या तासिकेत, पक्कं लिहिताना. तेव्हाही प्रत्येकाचे पाचच शब्द दुरुस्त करा, जे त्याच्या गोष्टीत वारंवार येतात ते. पक्कं लेखन बॉलपेननं करून घ्या, कारण पुढे झेरॉक्स काढायची आहे. पुस्तक पूर्ण उघडलं की सगळा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला असतो. एका झेरॉक्समध्ये अख्खं पुस्तक उतरतं, घडी घातली की दुसरी प्रत तयार. मूळ प्रत मुलाच्या घरी, झेरॉक्स वर्गाच्या दोरीवर. रंगासाठी स्केचपेन चालतात, रंग मागे उतरला तरी तो घडीच्या आत लपतो.

म्हणजे आतापर्यंत चार तासिका ऐकणं-सांगणं, एक जादूची, एक चित्र-घडीची, दोन कच्च्या लेखनाच्या, एक पक्क्याची. दहावी सांगण्याच्या सरावाची.

आता महोत्सव. स्टेज आणि माईक आला की ते स्नेहसंमेलन होतं, आणि मग पाठांतर चांगलं असलेली पाच मुलंच पुढे येणार. यात मुलांचा दोष नाही, रचनेचा आहे. त्याऐवजी गोष्टींचा गड्डा भरवा. घरून १४ चादरी मागवा, सोलापुरात ही अडचण येऊ नये. त्या व्हरांड्यात नि वर्गात अंतर ठेवून अंथरा. एका पाळीत १४ मुलं सांगणारी, प्रत्येक चादरीवर एक. बाकीची २८ मुलं आणि आलेले पालक ऐकणारे, म्हणजे एका चादरीवर दोन मुलं आणि दोन-तीन मोठी माणसं. चार मिनिटांनी घंटा, एका मिनिटात ऐकणारे पुढच्या चादरीवर. असं तीनदा. पंधरा मिनिटांनी सांगणारे बदलतात. तीन पाळ्यांत पंचेचाळीस मिनिटं, मागचं-पुढचं धरून सव्वा तास.

प्रत्येक मूल गोष्ट तीनदा सांगतं हे मुद्दाम आहे. पहिल्यांदा नजर पुस्तकात असते, दुसऱ्यांदा श्रोता दिसतो, तिसऱ्यांदा मूल श्रोत्याला अडवून धरतं. स्टेजवर एकदाच संधी मिळते आणि ती नेमकी घाबरलेली असते.

चादरीवर बसायचं तिकीट म्हणजे गोष्ट संपल्यावर एक प्रश्न विचारायचा. पालकांना हे दारातच सांगा, नाहीतर ते ‘छान हं’ म्हणून उठतात. क्रमांक नि बक्षिसं ठेवू नका. ठेवलीत तर पुढच्या वर्षी सगळ्या गोष्टी बक्षीस मिळालेल्या गोष्टीसारख्या येतील. भाड्याचे पोशाखही नकोत. विडी वळणाऱ्या आईवर आणि लूमवर पाळीला जाणाऱ्या बापावर त्याचा बोजा पडतो, आणि पोशाख नसलेलं मूल त्या दिवशी गैरहजर राहतं. वेळही पालकांच्या पाळ्या विचारून ठरवा, आठवडाभर आधी. आजी-आजोबांना वेगळं बोलावणं द्या. त्यांच्यासाठी आणखी दोन चादरी राखून ठेवता आल्या तर उत्तम, तिथे ते सांगतील आणि मुलं ऐकतील, तेलुगूत, कन्नडमध्ये, जशी असेल तशी.

मुख्याध्यापकांना पाहुणे आणि उद्घाटन हवंच असेल तर तेही चादरीवर होऊ द्या. पाहुण्यांचं भाषण चार मिनिटांचं, घंटा वाजली की त्यांनीही उठून पुढच्या चादरीवर जायचं.